धुरपाआत्याचं बासन

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या युफोनियमच्या तोंडात कुंभारमाशीनं घर केलं होतं. भिंतीला ओळीनं खुंट्या होत्या आणि त्या खुंट्यांना आमचा अख्खा बँड टांगलेला होता. बाबांचं क्लॅरिनेट, दोन ट्रंपेट, भोपळ्याएवढा युफोनियम, आणि खाली भिंतीला टेकून ढोल. त्या साली रेणापूरच्या आसपास जी लग्नं झाली ती चार माणसांत, गुळाच्या खड्यावर झाली. बँड कोण सांगणार? प्यायला पाणी नव्हतं, तरी ती माशी कुठून तरी ओली माती पैदा करायची आणि पितळी तोंडात शिरायची. आतून घूंऽ असा आवाज यायचा. वर्षभरात आमच्या बँडचा तेवढाच काय तो आवाज.

बाबा बँडमास्तर होते, आणि पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते. ऊन आणि धुळीनं त्यांचे ओठ असे फुटले होते की क्लॅरिनेट तोंडाला लावलं असतं तर रक्त आलं असतं. आई, काका, बँडमधले सगळे तिथंच. घरात लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी आणि कामावरून मिळणारी सुकडी. मी दहा वर्षांची होते. सुकडी मला आवडायची, हे आज सांगायला लाज वाटत नाही.

धुरपाआत्याही त्याच कामावर होती. बाबांची ही थोरली बहीण, खरं नाव द्रौपदी; धाकट्या भावाला ती लाडानं दादाच म्हणायची. नवऱ्यानं दुसरी बायको केली त्या दिवशी ती भांडली नाही, रडली नाही. शिवणाची मशीन डोक्यावर घेतली आणि माहेरी चालत आली. "संसारात माझं म्हनावं असं एवढंच हुतं," म्हणाली, आणि ओसरीवर मशीन मांडून बसली. ती मोकळ्या वेळात खुंटीवरची वाद्यं उतरवायची, चिंचेनं घासायची, पुन्हा टांगायची. कुंभारमाशीचं घर मात्र तिनं मोडलं नाही. "तिला तरी बसू दे बाई, तिचं बी पोट हाय."

कामावर एकदा तिचं नाव मस्टरला, म्हणजे हजेरीपटाला, चढवायचं राहिलं. अकरा दिवस तिनं खडी फोडली. वाटपाच्या दिवशी कारकुनानं पानं उलटली आणि म्हणाला, "द्रौपदी? नाही. या नावाची बाई कामावर नव्हती." आत्यानं दोन्ही हात पुढं केले. तळव्यांवर फोडांवर फोड आलेले. कारकून वाईट माणूस नव्हता, पण तो म्हणाला, "हाताचं काय घेऊन बसलीस बाई? कागदावर हायेस का?"

ते वाक्य तिनं गाठीशी बांधलं. दुसऱ्या दिवसापासून कारकुनानं तिचं नाव लिहिल्याशिवाय ती हातोडा उचलायची नाही. आणि वाचता येत नसल्यामुळे ते नाव तीन वेगवेगळ्या माणसांना विचारायची. "ह्ये काय लिहिलंय?" तिघांनी द्रौपदी म्हटलं की कामाला लागायची. पुढं कुणी गावच्या पुढाऱ्याचं आश्वासन सांगो, कुणी सोयरिकीची बातमी सांगो, आत्याचा प्रश्न एकच. "कागदावर हाय का?" मी मॅट्रिक पास झाले म्हणून धावत सांगायला गेले तेव्हाही तिनं मशीनचं चाक थांबवून तेच विचारलं.

दुष्काळ सरला, लग्नं पुन्हा लागू लागली, आणि रेणाकाठ ब्रास बँड खुंटीवरून खाली आला. अकरा माणसं, बहुतेक आमच्याच भावकीतली. त्यांच्याबरोबर बारावी आत्या. बँडबरोबर बाईमाणूस फिरतंय हे लोकांना नवल होतं. पण ती वाजवणाऱ्यांत नसायची. बँड मांडवाबाहेर उभा राहिला की ती सरळ नवरीकडच्या बायकांत जायची, कुणाचा चोळीचा टाका उसवलाय, कुणाचं लेकरू रडतंय, ते बघायची. त्या बायकांना तिचा आधार वाटायचा आणि तिला घरातली सगळी खबर मिळायची. नवऱ्यामुलाकडचे रुसलेत, अक्षतांना उशीर होणार, मास्तर, जरा लांबवा.

तिचा एक नियम होता, त्यावरून आम्हाला गाव हसायचं. सुपारीवर निघण्याआधी, म्हणजे बोलावणं आलेल्या लग्नाला जाण्याआधी, ती अकराही जणांना ओसरीपुढं ओळीनं उभं करायची.

"त्वांड दाव."

आणि पन्नाशीची मिशाळ माणसं शाळेतल्या पोरांसारखी आऽ करायची. आत्या एकेकाचा वास घ्यायची. ढोल वाजवणारे भिवाकाका एकदा लवंग चघळून आले.

"भिवा, लवंग कशाला?"

"दाढ दुकायली अक्का."

"कोनती?"

भिवाकाकांनी डावीकडं बोट केलं. मग थोडं थांबून उजवीकडं केलं. आत्यानं ढोलाचा पट्टा त्यांच्या गळ्यातून काढला, बाबांच्या मेव्हण्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "जा घरी. दोनी दाढा बऱ्या झाल्या की यी." त्या लग्नात ढोल फार वाईट वाजला. पण पुन्हा कुणाची दाढ दुखली नाही.

एवढं असूनही बँडची इज्जत किती? वाजवायला मांडवाच्या दारात, जेवायला मांडवाच्या मागं. सगळ्या पंगती उठल्या की उरलंसुरलं पाटीतून यायचं. उन्हात, उकिरड्याशेजारी, कुठंही बसून खायचं. बाबासाहेबांच्या मागं जाऊन आम्ही धम्म घेतला होता, गावकीची कामं सोडली होती. बाबा म्हणायचे, आपण बलुतं मागत नाही, सुपारी घेऊन कला वाजवतो. पण पाटी आली की मान खाली घालून खायचे. आत्या मात्र असल्या ठिकाणी जेवायची नाही. पदराला बांधून आणलेली भाकरी काढायची. "मला भूक हाय, पर एवढी न्हाई."

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी लातुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ही गोष्ट मी तेव्हा कुणाला विसरू देत नसे. शहर रोज फुगत होतं. नवी कार्यालयं, नवे साहेब, नव्या वसाहती. लग्नंसुद्धा खेड्यांतून उठून लातूरच्या मंगल कार्यालयांत जाऊ लागली, आणि तिथं बाहेरगावचे झगमगीत बँड यायला लागले. रेणापूरच्या बँडला कोण विचारतो? त्या वर्षी पाऊसही बेताचाच होता. आमच्या सुपाऱ्या निम्म्यावर आल्या. दोन वाजवणारे ऊसतोडीला जायचं म्हणत होते. एक माणूस येऊन वाद्यं उलटीपालटी करून बघून गेला, विकत घेतो म्हणाला.

बाबांनी सांगून टाकलं, "तुळशीच्या लग्नापातूर वाट बघू. सराई सुरू व्हायच्या आत लातूरची येक सुपारी आली तर बँड ऱ्हाईल. न्हाईतर दिऊन टाकू आन् ज्येनं त्येनं आपली वाट धरू."

ते स्वतः दोनदा लातूरला जाऊन आले. क्लॅरिनेट कापडात गुंडाळून काखेत, आणि दारोदार. परत आल्यावर ओसरीवर बसून सांगत होते, "त्ये इचारतेत, कुठं वाजवलंय? म्या म्हनलं, रेनापूर, पानगाव, भोवतालच्या धा-वीस गावात. त्ये म्हनतेत, लातुरात? म्या म्हनलं, न्हाई. त्ये म्हनतेत, मग?" बाबांनी क्लॅरिनेट खुंटीला लावलं. "वाजवून दावू का म्हनलं, तर हसले."

आत्या काजं करत होती. सुई थांबवून म्हणाली, "कागदावर हायेस का तू?"

"बँड काय कागदावर ऐकू येतोय व्हय?"

"न्हाई येत. पर मस्टरवर नाव नसलं तर हातावरचे फोड कोन बघतंय दादा?"

दुसऱ्या दिवशी तिनं बासन शिवायला घेतलं. पोथी किंवा वह्या बांधून ठेवायचं कापड म्हणजे बासन. आत्यानं ते बँडच्या ड्रेसच्या लाल कापडातून शिवलं, कडेनं तीच सोनेरी पट्टी, मिटायला त्याच पितळी गुंड्या. आत चार कप्पे. उलगडून मांडीवर पसरलं की बँडचा माणूसच अंगरखा उघडून समोर उभा राहिल्यासारखं दिसायचं. मी सुटीला घरी आले होते. म्हटलं, "आत्या, हे काय?"

"जे जे इचारतेत ते समदं हेच्यात घालायचं. मग तोंडानं काईच सांगायचं न्हाई."

पहिल्या कप्प्यात फोटो. त्यासाठी सगळा बँड लातूरला फोटो स्टुडिओत नेला. फोटोवाल्याला सगळे ताठ, हात गुडघ्यावर ठेवून हवे होते. आत्या म्हणाली, "मयताला आलेत का? वाजवू दे त्यान्ला." फोटोवाला म्हणाला, गाल फुगतात, तोंडं चांगली येत नाहीत. "गाल फुगलेलेच पायजेत. लोकायला कळंल तरी, फुकतेत म्हनून." दुसरी तिची अट, पायातले बूट दिसले पाहिजेत. बूट नऊ जणांकडेच होते, म्हणून दोघांना ढोलामागं उभं केलं. त्या फोटोत भिवाकाका ढोलामागून वर आलेल्या सूर्यासारखे दिसतात.

दुसऱ्या कप्प्यात कॅसेट. आमच्या शाळेतल्या एका सरांनी टेपरेकॉर्डर घेतला होता, तेव्हा त्याचं अप्रूप होतं. शाळेच्या पटांगणात वाजवणं ठरलं. शेवटी पाठवणीची धून होती. ही आमच्या बँडची खासियत. नवरी निघाली की बाबा हातानं सगळा बँड थांबवायचे आणि एकटं क्लॅरिनेट वाजवायचे, अगदी खालच्या सुरात. ते ऐकून आमचे वाजवणारेसुद्धा तोंड फिरवायचे. तर ती धून भरात आली आणि शेजारच्या गोठ्यातली म्हैस जी ओरडली! बाबा थांबले नाहीत. सर म्हणाले, पुसून परत घेऊ. आत्यानं टेपवर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या गुरुजी. म्हस वरडली तरी मास्तर चुकला न्हाई, हे बी कळू द्या."

तिसऱ्या कप्प्यासाठी मात्र ती महिनाभर पायपीट करत राहिली. बँड चांगला आहे असं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. मी म्हटलं, सरपंचाचं घेऊ, एखाद्या पाटलाचं घेऊ. ती म्हणाली, "सरपंच लग्नात कवा येतंय? जेवायला. त्येला काय म्हाईत बँड कसा वाजला? ज्या आईनं लेक दिली, तिला इचार." आणि आम्ही गावोगाव त्या आयांकडं गेलो ज्यांच्या लेकींच्या लग्नांत रेणाकाठ बँड वाजला होता. त्या बोलायच्या, मी लिहून घ्यायची. खाली त्यांचा अंगठा. बहुतेकींना सही येत नव्हती. एकवीस बायकांचे एकवीस कागद झाले. एकीनं सांगितलं, पाऊस आला, वऱ्हाड पळालं, बँड भिजत उभा राहिला. दुसरी म्हणाली, माझ्या पोरीच्या लग्नात एक बी वाजवणारा पिलेला नव्हता, माझा दीर होता. तिसरी म्हणाली, "लिही, मास्तरनं ते शेवटचं वाजवलं तवा मला रडाया आलं. तवर मला रडाया येळच गावला नव्हता."

चौथ्या कप्प्यात काय घालायचं ते तिनं मला शेवटी सांगितलं. "आपली अट." मी विचारलं, कसली? "लिही. बँड येळेवर येईल. बँड पिऊन येनार न्हाई. आन् बँड पंगतीत बसून जेवंल."

बाबा उडालेच. "अक्का, सुपारीच येक न्हाई आन् तू अट घालायलीस?"

"सुपारी आल्यावर अट घालता येत नसती दादा. लगीन झाल्यावर हुंड्याचं बोलल्यागत व्हतंय ते."

आता माझी चूक सांगते. बासन घेऊन मी पुढं लातूरला गेले, आत्या आणि बाबा चार दिवसांनी येणार होते. होस्टेलवर मी ते कागद पुन्हा काढले आणि माझी मलाच लाज वाटली. काय ती भाषा! 'पोरगी', 'रडाया', 'पिलेला'. आणि खाली काळ्या शाईचे अंगठे. जिल्ह्याच्या ठिकाणी, मोठ्या पेढीवर हे दाखवायचं? मी बी.ए. होणारी मुलगी. मी टायपिंगच्या क्लासमध्ये जाऊन एक सुंदर कागद करून आणला. 'मंगल प्रसंगी सुमधुर वादनाने उपस्थितांस मंत्रमुग्ध करणारे, शिस्तबद्ध व नामांकित पथक.' एक चूक नाही. तो तिसऱ्या कप्प्यात घातला आणि एकवीस अंगठे माझ्या ट्रंकेत, साडीखाली ठेवले. आत्याला सांगितलं नाही. तिला वाचता कुठं येत होतं?

ती लातूरला आली आणि कुठल्या मंगल कार्यालयात गेली नाही. बाबांना म्हणाली, "लगीन ठरल्यावर मानूस आदी कुठं जातंय? बस्त्याला." खरंच होतं. कापड खरेदी झाल्याशिवाय बँडचा विषय निघत नाही. म्हणून ती आम्हाला थेट बाजारातल्या मन्मथअप्पांच्या कापड दुकानात घेऊन गेली. अप्पा लिंगायत समाजातले जुने व्यापारी, लग्नाच्या बस्त्याला अर्धा तालुका त्यांच्याकडं. त्यात त्यांच्या स्वतःच्या लेकीचं लग्न ठरलेलं होतं.

आत्यानं गादीच्या कडेला बासन उलगडलं. अप्पांनी फोटो बघितला, हसले. टाइप केलेला कागद उचलला, चष्मा लावून दोन ओळी वाचल्या आणि ठेवून दिला.

"बाई, हे समदेच बँडवाले आनतेत. ह्येच शब्द. सुमधुर, नामांकित. परवा येकानं आनला, त्यो सोताच पिऊन आलता."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. "पोरी, काय वाचलं त्येनी? माझ्या बायका कुठं हायत?"

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि तिला कळलं. बाबांनाही कळलं. ते बासन आवरायला वाकले. तुळशीची लग्नं आठ दिवसांवर होती, आणि लातुरातला हा शेवटचा उंबरा, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"दादा, हात काढ," आत्या म्हणाली. मग मला, अगदी हळू आवाजात, "म्या अकरा दिस खडी फोडली तवा येका शिकलेल्या मानसानं माझं नाव लिव्हलं न्हाई. त्यो परका हुता. तू तर घरातली हायेस. जा. आन त्यान्ला."

मी पळाले. होस्टेल बाजारापासून लांब. त्या वाटेवर मी किती रडले ते सांगत नाही. पण एक सांगते, बी.ए.च्या तीन वर्षांत जे शिकले नाही ते त्या वाटेवर शिकले.

परत आले तर आत्या दुकानाच्या पायरीवर बसलेली आणि तिच्या शेजारी, पायरीवरच, एक म्हातारी बाई. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, हातात चांदीचं कडं. अप्पांच्या आई. त्यांना सगळे अव्वा म्हणत. दुकानामागच्या घरातून गिऱ्हाईक बघायला आल्या होत्या आणि पायरीवरची बाई उठत का नाही म्हणून विचारायला बसल्या त्या बसल्याच.

"आली का तुझी पोरगी?" अव्वा म्हणाल्या. "वाच गं. म्हातारीला वाचाया येत न्हाई."

मी वाचायला लागले. जसं बायका बोलल्या तसं, एक अक्षर न बदलता. पाऊस आला ते, दीर पिलेला होता ते. अव्वा हसल्या. "दीर! सगळ्यांच्या घरात येक असतोयच." अप्पा गादीवरून ऐकत होते. मग मी ते रडण्याचं वाचलं. तवर मला रडाया येळच गावला नव्हता.

अव्वांनी तो कागद माझ्या हातातून घेतला. वाचता येत नव्हतंच. त्यांनी अंगठ्यावर बोट ठेवलं. उन्हाकडं धरून बघितलं.

"मन्मथ, ह्या अंगठ्याला रेषाच न्हाईत बघ. भाकरी थापून थापून गेल्यात." आणि आपला अंगठा पुढं केला. "ह्येच्यागत. ह्ये खोटं आसत न्हाई."

"ते खरं हो अव्वा," अप्पा म्हणाले. "बँड सांगू आपुन. पर ह्यांची ही चौथी चिठ्ठी बघितलाव का? पंगतीत जेवनार म्हनतेत. चार पावने बोलतील. जेवनाचं आपुन बघू नंतर..."

"नंतर न्हाई अप्पा," आत्या म्हणाली. "कागदावर."

बाबा जमिनीकडं बघत होते. मला वाटलं, गेली सुपारी.

अव्वा उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ शरण-संतांची वचनं म्हनायची आन् पंगतीच्या आडवं यायचं, आसलं माझ्या घरात चालत न्हाई. ज्या पावन्याला चालत नसंल त्यानं घरी जेवून यावं. लिहून दी बाईला."

मन्मथअप्पांनी दुकानाच्या कागदावर लिहून दिलं. आत्यानं तो कागद घेतला आणि दुकानात शिरलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकाला दाखवला. "भाऊ, ह्ये काय लिव्हलंय?" त्यानं वाचलं. मग दुसऱ्याला. मग मला. मी तिसरी. माझ्यावर पुन्हा विश्वास टाकायची तिची ती रीत होती.

लग्नाच्या दिवशी अकरा तोंडं तपासून बँड निघाला. अकराच्या अकरांच्या पायात बूट होते. अक्षता पडल्या त्याच क्षणाला बँड असा उठला की मांडवाच्या कनातीतून पारवे उडाले. भिवाकाकांनी ढोल फोडायचा तेवढा ठेवला. दुपारी पंगत बसली. घरचे, पावणे, आणि त्याच ओळीत लाल अंगरख्यातले अकरा जण. वाढणारा बाबांपुढं आला तेव्हा बाबांना हात कुठं ठेवावेत ते सुचेना. पंगतीत अन्न पुढून येतं, हे त्यांच्या हातांना माहीतच नव्हतं. आत्या खांबाशी उभी होती. अकरापैकी प्रत्येकाच्या पानात पोळी पडलेली बघितली आणि मगच बसली. ती सुपारीच्या लग्नात जेवलेली मी पहिल्यांदा पाहिली. खीर दोनदा घेतली.

पाठवणीला बाबांनी हात वर केला, सगळा बँड थांबला आणि एकटं क्लॅरिनेट राहिलं. कठोर म्हणून बाजारात नाव असलेले मन्मथअप्पा उपरण्यात तोंड घालून उभे होते. नातीची गाडी वळणाआड गेल्यावर अव्वा आत्याजवळ आल्या.

"बाई, तुझं ते गाठोडं कुठाय?"

"का वो अव्वा?"

"शाई आन. माझा बी घी."

बाविसावा अंगठा असा आला. त्यालाही रेषा नव्हत्या. आणि अव्वांनी त्यावर एक केलं, ते आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. बासन घरी नेऊ दिलं नाही. "गादीवर ऱ्हाऊ दी. बस्त्याला येनारी परतेक बाई ते उघडून बघंल."

तेच झालं. वाद्यं बघून गेलेला माणूस पुन्हा आला तेव्हा आत्यानं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

ती पुढं पुष्कळ वर्षं होती. पण मला ती दिसते ती पुढच्या उन्हाळ्यातली, नांदेडच्या बसस्टँडवर. मला हदगावच्या शाळेत नोकरी लागली होती, आणि आत्या नांदेडपर्यंत माझ्या सोबत आली होती, काखेत नवं शिवलेलं दुसरं बासन. तिथल्या एका कापड दुकानाचं नाव मन्मथअप्पांनी सांगितलं होतं. गाडीत तिनं माझा नेमणुकीचा कागद मागितला. दोन्ही बाजू बघितल्या. शेजारच्या सीटवरच्या माणसाला म्हणाली, "भाऊ, ह्ये काय लिव्हलंय?" त्यानं माझं नाव वाचलं, पुढं बी.ए. वाचलं. मागच्या सीटवरच्या बाईनं वाचलं. कंडक्टरनं वाचलं. मग तिनं घडी घालून माझ्या हातात दिला. "हायेस तू."

नांदेडला ती उतरली. हदगावची गाडी समोरच लागली होती, मी खिडकीशी बसले. ती मागं वळली नाही. पदर खोचला, बासन या काखेतून त्या काखेत घेतलं आणि एका हमालाला बाजाराची वाट विचारत, लांब टांगा टाकत, फाटकाबाहेर गेली. लाल कापडाची ती कड गर्दीत बराच वेळ दिसत होती.

अव्वांच्या नातीच्या लग्नापासून सुरू झालेल्या त्या सराईत रेणाकाठ ब्रास बँडनं लातूर शहरात सोळा लग्नं वाजवली, आणि सोळाही लग्नांत बँड पंगतीत बसून जेवला.